उभ्या विमानाला वाहनाची धडक

विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेवर, थांबलेल्या विमानाला सामानाचा ट्रॅक्टर, बेल्ट लोडर (पट्ट्यावरून सामान विमानात चढवणारी गाडी), शिडी, इंधनाचा टँकर, बस किंवा साधी मोटार लागून होणारे नुकसान. या व्यवसायात त्याला 'ग्राउंड डॅमेज' म्हणतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या एका जुन्या अंदाजानुसार जगभरात एप्रनवर वर्षाला सुमारे 27,000 अपघात होतात, म्हणजे साधारण हजार उड्डाणांमागे एक. त्यात माणसांना होणाऱ्या इजाही धरलेल्या आहेत.

गंमत अशी की यातल्या बऱ्याच घटना कायद्याच्या भाषेत 'विमान अपघात' ठरतच नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) परिशिष्ट 13 मधील व्याख्येप्रमाणे उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत जे घडते तोच अपघात. रात्री रिकाम्या उभ्या असलेल्या विमानात टेम्पो घुसला, तर तो त्या व्याख्येबाहेर राहतो. कळवावे मात्र लागतेच.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ 1939 सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. इथे प्रामुख्याने पंख्याच्या इंजिनांची एटीआर 72 आणि एम्ब्रेअरची छोटी जेट विमाने येतात. एटीआरच्या भोवतीची वर्दळ पाहिली की धडका कशा होतात ते चटकन ध्यानात येते. प्रवाशांचे दार डाव्या बाजूला मागे आणि त्यालाच शिडी जोडलेली. सामानाचे दार डाव्याच बाजूला, पण पुढे. त्या दाराच्या जरा मागे डाव्या इंजिनाचा पंखा. म्हणजे सामानाच्या ट्रॉल्या जिथे आणून लावायच्या, तिथून पंख्याची पाती हाकेच्या अंतरावर. इंधन भरण्याची जागा उजवीकडे. विमानाचे पंख माणसाच्या डोक्यावरून उंच जात असल्याने त्यांच्याखालून गाडी काढण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच करायचे नसते. शिवाय एटीआरचे उजवे इंजिन कधी कधी पंख्याला ब्रेक लावून चालूच ठेवलेले असते, कारण वीज आणि वातानुकूलन त्यातून मिळते. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. पंखा फिरत नाही म्हणून इंजिन बंद आहे, असे नवख्याने धरून चालू नये.

ट्रॉल्यांची साखळी ओढण्याचे कसब कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर चौकात वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाही, आत कापते, आणि कोपऱ्यावरची दुचाकी तिच्या तावडीत सापडते. सामानाच्या ट्रॅक्टरचे गणित तेच. कोपऱ्यावर दुचाकीऐवजी कोट्यवधींचे विमान असते एवढेच. म्हणून विमानाजवळ येण्याआधी गाडी पूर्ण थांबवून ब्रेक लागतो का ते तपासायचे, पुढे चालण्याच्या वेगानेच सरकायचे, आणि मागे घेताना खाली इशारे द्यायला माणूस हवाच, असा दंडक असतो. एप्रनवर गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो. रस्त्यावरचे लायसन तिथे एकटे पुरत नाही.

गाडी जागची न हलताही नुकसान होते, हे बऱ्याच जणांना खरे वाटत नाही. प्रवासी, सामान आणि इंधन चढले की विमान चाकांवर थोडे खाली बसते. दाराच्या उंबऱ्याखाली शिडी किंवा लोडर अगदी चिकटवून ठेवला असेल, तर विमानच येऊन त्यावर टेकते.

भारतातल्या तीन घटना गाजल्या. डिसेंबर 2015 मध्ये कोलकात्यात पहाटे एक बस उभ्या एटीआरवर आदळली. विमानात कोणी नव्हते. ऑगस्ट 2022 मध्ये दिल्लीत एक मोटार एअरबस ए 320 निओ विमानाच्या नाकाखाली जाऊन थांबली, पुढचे चाक थोडक्यात वाचले. एप्रिल 2025 मध्ये बंगळुरूत एक टेम्पो ट्रॅव्हलर दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या ए 320 खाली घुसला आणि त्याचे टप चेपले. तिन्ही वेळा प्रकार इतका ठळक होता की लपवण्याचा प्रश्नच आला नाही.

खरा धोका लहान धडकेचा. 26 डिसेंबर 2005 रोजी सिएटलहून निघालेले अलास्का एअरलाइन्सचे एमडी 83 सुमारे 26,000 फुटांवर असताना त्याच्या बाजूला फूटभर लांब आणि सहा इंच रुंद भोक पडले. उड्डाणाआधी सामानाच्या कामातील एक वाहन तिथे घासले होते आणि चालकाने ते कोणाला सांगितले नव्हते. विमान सुखरूप परतले. जमिनीवर जो पोचा वाटतो, त्यावर वर गेल्यावर केबिनमधला दाब दर चौरस इंचाला सात-आठ पौंडांनी आतून ढकलत असतो. आपल्याकडे गाडीला पोचा आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगला टाकतात आणि दोन दिवसांनी विसरतात. ही सवय एप्रनवर घेऊन जाणाऱ्याइतका घातक माणूस नाही.

कार्बन फायबरचे आणखी अवघड. ॲल्युमिनियमला पोचा दिसतो तरी. कार्बनचा पत्रा दबून पुन्हा वर येतो आणि आतले थर सुटलेले राहतात. एटीआर 72 च्या पंखांचा बाहेरचा भाग असाच आहे, आणि बोइंग 787 चे वजनाने निम्मे शरीर. अभियंता नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जातो. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसेच: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत काहीतरी सुटले आहे. खात्री करायला मग अल्ट्रासॉनिक तपासणी.

खर्चाचा मोठा भाग दुरुस्तीत नसतो, विमान अडकून पडण्यात असतो. एकच विमान दिवसभर शहरामागून शहर करत असते. ते उजळाईवाडीला अडकले, तर त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या कोलमडतात आणि इथला प्रवासी बेळगाव किंवा पुण्याची गाडी शोधू लागतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयाटा) अंदाजाने जगभरातला हा खर्च 2035 पर्यंत वर्षाला 10 अब्ज डॉलरच्या घरात जाऊ शकतो. उपाय म्हणून विमान जवळ आले की आपोआप वेग कमी करणारे, सेन्सर लावलेले लोडर आणि शिड्या सुचवल्या जातात. मोठ्या विमानतळांवर ते परवडते.

विमानाच्या अंगावरच्या ज्ञात पोच्यांची नोंद एका तक्त्यावर ठेवलेली असते: जागा, लांबी, खोली, तारीख. उड्डाणाआधी वैमानिक विमानाला फेरी मारतो, पावसात आणि अंधारात बॅटरी घेऊन. एखादा पोचा दिसला की आधी तक्ता उघडतात. तिथे तो असेल तर विमान निघते. नसेल तर अभियंता येऊन मोजेपर्यंत ते जागचे हलत नाही.