भांड्यांचं लिक्विड: माल मापाने नको, काट्यावर घ्या

आमच्याकडून अ‍ॅसिड स्लरी (मळ काढणारा आंबट कच्चा माल), कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, स्लरीचा आंबटपणा मारणारा क्षार), एसएलईएस पेस्ट (फेस देणारी) नेणाऱ्या बचत गटांसाठी आणि घरगुती उद्योगांसाठी

गोडेतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम छापलेलं असतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. तेवढ्याच मापात ग्लिसरीन 1260 ग्रॅम भरतं, अ‍ॅसिड स्लरी 1050 च्या आसपास. लिटरला किलो हा हिशेब फक्त पाण्याला लागू. आमच्या कृतीतले सगळे आकडे ग्रॅमचे आहेत, ते मग्ग्याने मोजले की घाण सुरू झालीच म्हणा.

10 किलो मालाला लागतं: अ‍ॅसिड स्लरी 1000 ग्रॅम, कॉस्टिक फ्लेक्स 130, एसएलईएस पेस्ट (70 टक्के सत्त्वाची) 300, मीठ 100 ते 150, सेंट 20, रंग 1 ग्रॅम, प्रिझर्व्हेटिव्ह (माल टिकवणारं) पुडीवर लिहिलंय तेवढं, बाकी पाणी. एसएलईएस 28 टक्केवाली नेली असेल तर 300 ऐवजी 750 ग्रॅम.

सगळ्यात महाग पडते ती कॉस्टिकची चूक. 130 ग्रॅम फ्लेक्स 520 ग्रॅम पाण्यात विरघळवले की 20 टक्क्यांचं 650 ग्रॅम द्रावण होतं. हे द्रावण पाण्यापेक्षा जड आहे: 100 मिलीचं वजन 122 ग्रॅम. मोठा साठा करून ठेवला आणि त्यातून 650 ग्रॅमच्या जागी 650 मिली घेतलं, तर 793 ग्रॅम जातं. म्हणजे कॉस्टिक 130 ऐवजी जवळपास 159 ग्रॅम. जास्तीच्या 29 ग्रॅमला स्लरी उरलेली नसते, पीएच (आंबट-खारेपणाचा आकडा, 7 म्हणजे मधला) 12 च्या पुढे जातो आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताची सालं निघतात. वाटीने फ्लेक्स मोजणं तर त्याहून वाईट, कारण वाटीत किती पोकळी राहिली ते कुणालाच कळत नाही.

कॉस्टिक नेहमी पाण्यात टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. उसळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. भांडं प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातं. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटं धरा, डोळ्यात गेलं तर धुऊन थेट दवाखाना. द्रावण गार झाल्यावरच वापरा.

स्लरीची अडचण वेगळी. ती मग्ग्याला चिकटून राहते, डिसेंबरच्या थंडीत तर काकवीसारखी. 1 लिटरचा मग्गा भरला तर 50 ग्रॅम जास्त, आणि तळाशी चिकटून राहिली तेवढी कमी. दर खेपेला फरक वेगळा पडतो. यावर सोपा उपाय असा: स्लरीचा कॅनच काट्यावर ठेवा, टेअर दाबून शून्य करा, कॅन उचलून थेट बादलीत ओता, परत ठेवा. काटा उणे 1000 दाखवेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा. चिकटलेला माल कॅनमध्येच राहिला, हिशेबात आलाच नाही. कॅनसकट वजन काट्याच्या क्षमतेत बसलं पाहिजे, एवढंच बघा.

मग क्रम असा. 6 किलो पाण्यात आधी 600 ग्रॅम कॉस्टिक द्रावण, नंतर ढवळत हळूहळू स्लरी. पीएच पट्टी लावा, उरलेलं 50 ग्रॅम द्रावण गरजेप्रमाणे. पट्टी 7 ते 8 दाखवेल तिथे थांबा. एसएलईएस त्यानंतरच, कारण आंबट मालात ती फुटते. मीठ पाण्यात विरघळवून शेवटी. दाट होतंय म्हणून मीठ टाकतच राहिलात तर एका टप्प्यानंतर माल उलट पातळ होतो, आणि टाकलेलं मीठ परत काढता येत नाही. शेवटी काट्यावर 10 किलो होईपर्यंत पाण्याची भरती करा. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं, माल गढूळ होतो. जारचं वापरा.

किराण्याचा 30 किलोचा काटा मोठ्या मालाला चालतो, पण तो साधारण 5 ग्रॅमच्या टप्प्याने बोलतो. सेंटसाठी 0.1 ग्रॅमवाला छोटा काटा घ्या. पंखा बंद ठेवा. 1 ग्रॅम रंग नीट तोलायची झंझट नको असेल तर 10 ग्रॅम रंग 990 ग्रॅम पाण्यात मुरवून ठेवा. त्यातलं 100 ग्रॅम म्हणजे 1 ग्रॅम रंग.

पाणी तेवढं लिटरने घेतलंत तरी आमची तक्रार नाही. उन्हाळ्यात 40 अंशाला लिटरचं वजन 992 ग्रॅम भरतं, त्याने काही बिघडत नाही.

बाटलीवर मात्र मिलीच छापावे लागतात. तिथे असं करा: बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून तोला, मग तेवढाच फेस बसलेला माल भरून तोला. 500 मिलीला माल 510 ग्रॅम भरला, तर पुढची प्रत्येक बाटली 510 ग्रॅमवर भरा. ताज्या, फेसाळ मालावर खुणेने भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली उतरलेली दिसते आणि गिऱ्हाईक ती परत आणतं.