ऑपरेशन झालं, मग कॅप्सूल कशाला?

क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसचं (स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेचं) ऑपरेशन करून आलेली मंडळी काउंटरवर चिठ्ठी ठेवतात आणि हमखास हेच विचारतात. म्हणून हे पत्रक.

स्वादुपिंड पाचकरस आतड्यात सोडतं आणि इन्सुलिन रक्तात. वर्षानुवर्षांच्या सुजेनं ते वाळून टणक होतं, नळीत खडे धरतात. ऑपरेशन मुख्यतः दुखणं थांबवण्यासाठी असतं. 1987 पासून रूढ झालेल्या फ्रे पद्धतीत स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा, म्हणजे रुंद टोकाचा, भाग आतून कोरतात आणि तुंबलेली नळी लांबीभर उघडून लहान आतड्याला जोडतात. रसाला वाट मिळते, बहुतेकांच्या कळा कमी होतात. पण जे वाळलं, ते पुन्हा पालवत नाही. उरलेल्या भागाचा आजारही पुढे सरकू शकतो.

स्वादुपिंडाच्या शेपटीकडचा, म्हणजे निमुळत्या टोकाचा, भाग काढला असेल तर साखरेवर जास्त लक्ष ठेवा. इन्सुलिनच्या पेशी तिकडे दाट असतात. ही साखर लहरी असते. ती सावरून धरणारं ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही कमी पडतं, त्यामुळे इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं की ती झपकन उतरते. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच.

पचनाचं मात्र उशिरा कळतं. स्वादुपिंडाची साधारण 90 टक्के ताकद गेल्यावरच चरबी पचेनाशी होते. शौच तेलकट, उग्र वासाचं, भांड्याला चिकटणारं. खाणं नीट असून वजन उतरतं. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

ही कमी भरून काढायलाच एन्झाइमची, म्हणजे पाचकरसातल्या अन्न पचवणाऱ्या द्रव्याची, कॅप्सूल. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण लांबणार असेल तर काही कॅप्सूल मध्ये. आमच्याकडचे एक काका ती सकाळी उपाशीपोटी घेत आणि ‘गुण नाही’ म्हणून बंद करायला निघाले होते! पचवायला समोर अन्नच नाही, तर ती करणार काय? पाकिटावरचा 25,000 हा आकडा लायपेजच्या, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमच्या, युनिटचा. मोठ्या जेवणाला दोन लिहून दिल्या असतील तर ती चूक नव्हे. चावू नका. गिळवत नसेल तर आतले दाणे सफरचंदाच्या थंड गरात घालून लगेच गिळा. गरम भातात किंवा चहात नको. डबी गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा, उष्णतेनं एन्झाइम मरतं.

आणखी एक, जे पुष्कळदा कुणी सांगत नाही: यातलं एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. ते चालणार नसेल तर परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.