तुळस कोणत्या ऋतूत खुडावी? एका मोजणीची पार्श्वभूमी

पानं कधी खुडावीत, हा प्रश्न जुनाच. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोवळी पानं-फांद्या वर्षा आणि वसंतात, साल-कंद शरदात घ्यायला सांगितलं आहे. पण कोणत्या ऋतूत पानांत तेल किती आणि त्याची शक्ती किती, हे मोजून पाहण्याची सोय फार उशिरा झाली. क्लेव्हेंजरचं काचेचं उपकरण १९२८ चं. त्यात पानं पाण्यात उकळतात, वाफेसोबत आलेलं तेल खुणांच्या नळीत साठतं आणि पाणी परत फ्लास्कमध्ये उतरतं. डीपीपीएच हे जांभळं रसायन १९२२ पासून माहीत होतं, पण त्याचा रंग किती उतरतो त्यावरून अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशन रोखायची) शक्ती मोजायची पद्धत ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडली.

ही दोन्ही साधनं एकाच झाडावर ऋतूमागून ऋतू लावली गेली ती पुढे. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या सब्जावरचा (तुळशीच्याच कुळातलं झाड) २००८ चा अभ्यास त्यातलाच: तेल उन्हाळ्यात ०.५ टक्के, हिवाळ्यात ०.८. हा आकडा ठाण्यातल्या कुंडीला जसाच्या तसा चिकटवू नये. इकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्यामध्ये चार महिने धो धो पाऊस असतो.

शिवाय तेल वाढलं म्हणजे शक्ती वाढली असं नाही. युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल हे तुळशीच्या तेलातले दोन घटक. युजेनॉलकडे मोकळा फिनॉल गट (रेणूतला हायड्रोजन देऊ शकणारा भाग) असतो. तो डीपीपीएचला हायड्रोजन देतो आणि जांभळा रंग पिवळा पडतो. मिथाइल युजेनॉलमध्ये तोच गट झाकलेला, म्हणून ते या चाचणीत कमजोर. या दोघांचं प्रमाण हललं, तर तेल तेवढंच असूनही निकाल बदलतो.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेज प्रकल्पांत घोळ होतो तो बहुधा वजनात. जुलैची पानं पाण्याने जड. ओल्या वजनावर टक्केवारी काढली की पावसाळ्याचं तेल उगाच कमी दिसतं. थोडी पानं वेगळी सुकवून ओलावा काढावा आणि हिशोब कोरड्या वजनावर करावा. सावलीत पातळ पसरून पंखा लावावा, नाहीतर बुरशी धरते. कडक ओव्हनमध्ये तेलच उडतं. मंजिरी आलेलं आणि न आलेलं झाड एकत्र करू नये, नाहीतर ऋतूच्या नावावर वयाचा फरक मोजला जातो. डीपीपीएच मिथेनॉलमध्ये ताजं करावं, अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरवर वाचावं.

राहिली तेल मोजायची नळी. युजेनॉल पाण्याहून जड, तेलातलाच दुसरा घटक कॅरियोफायलीन हलका. त्यामुळे तुळशीचं तेल कधीकधी धड तरंगत नाही, धड बुडत नाही. अशा वेळी नळीत आधीच मोजून झायलीन (तेल विरघळवणारा, पाण्यावर तरंगणारा द्रव) घालतात आणि शेवटी तेवढं वजा करतात.