चिंतन आणि ‘मी हे मानतो’: प्रमाण कुणाचं?

आकाशवाणीवर सकाळी ‘चिंतन’ लागतं. वक्ता बहुतेक वेळा एखादी ओवी नाहीतर अभंग घेतो, अर्थ उलगडतो आणि दोन गोष्टी मनावर घ्यायला सांगून थांबतो. ‘मी हे मानतो’ छापाचा रेडिओ निबंध, म्हणजे आपण काय मानतो हे स्वतःच्याच आवाजात सांगणं, तोही एवढाच छोटा, विषयही तेच: प्रामाणिकपणा, माणुसकी, श्रद्धा. त्यामुळे आमच्या मराठवाड्यात कुणाला असा निबंध लिहायला सांगितला, की हाती चिंतनच येतं.

कीर्तन ऐकणाऱ्याला यातला फरक चटकन कळेल. कीर्तनकार विधान करतो आणि लगेच प्रमाण देतो, ज्ञानोबांचं, नामदेवांचं. आपेगाव, नरसी, पैठण, गंगाखेड ही संतांची गावं ज्या मुलखात आहेत तिथे प्रमाणांना काय तोटा? चिंतनाची बैठक तीच. वक्त्याच्या घरी काय घडलं, याच्याशी श्रोत्याला कर्तव्य नसतं. निबंधात मात्र प्रमाण म्हणून स्वतःचं जगणंच पुढे ठेवावं लागतं.

हा निबंधाचा प्रकार गाजला अमेरिकेत. 1951 मध्ये तिथल्या सीबीएस रेडिओवर पत्रकार एडवर्ड मरो यांचा ‘धिस आय बिलीव्ह’ (‘मी हे मानतो’) हा कार्यक्रम सुरू झाला आणि 1955 पर्यंत चालला. शीतयुद्धाचे, एकमेकांवर संशय घेण्याचे दिवस होते. एलेनॉर रूझवेल्ट, हेलन केलर, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन बोलले, तशीच कुणाला ठाऊक नसलेली माणसंही बोलली. 2005 मध्ये एनपीआर या तिथल्या सार्वजनिक रेडिओने तो पुन्हा सुरू केला. लिहिणाऱ्यांना सूचना साध्या, पण पाळायला अवघड: तीनेक मिनिटं, घडलेला प्रसंग, एक-दोन वाक्यांत मावेल अशी श्रद्धा. उपदेश नको, ‘आपण सर्वांनी’ नको.

समजा, विषय पाण्याचा आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. चिंतनकार हा दाखला देऊन थेंब थेंब जपायला सांगेल, आणि ते बरोबरच आहे. निबंध लिहिणारी लातूरची बाई वेगळं सांगेल. टँकर आला तेव्हा तिने शेजारणीला एक घागर दिली, आणि त्याच रात्री दोन घागरी बाजेखाली लपवल्याही. टंचाईत माणूस वाईट होत नाही, भितो, असं ती तेव्हापासून मानते. पटो न पटो, हे तिचं आहे. लपवलेल्या घागरी गाळल्या तर निबंधात काही उरत नाही. आणि लोक काय म्हणतील या धाकाने आमच्याकडे नेमक्या त्याच गाळल्या जातात.

चिंतन म्हणजे खालचा प्रकार, असं मुळीच नाही. भल्या पहाटे कुणाचं आत्मचरित्र ऐकायची हौस सगळ्यांना नसते. शिवाय मुरलेला कीर्तनकार दृष्टांतात अधूनमधून स्वतःचं काही घालतोच, तेव्हा सीमारेषा पुसट होते. अशा वेळी फरक ओळखायचा तर मजकूर दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्यावा. चिंतन कुणाच्याही आवाजात चालतं. घागरींचा मजकूर एखादा निवेदक वाचू लागला, तर ऐकणारा विचारणारच: ती बाई कुठंय?