मोनप्रिवातो (बारोलो)

मोनप्रिवातो हे वायव्य इटलीच्या पिएमोंते प्रांतातील एका द्राक्षबागेचे नाव आहे. त्या एकाच बागेतल्या द्राक्षांच्या लाल वाइनलाही हेच नाव आहे. वाइनचा प्रकार बारोलो, द्राक्षाची जात नेब्बिओलो आणि ती करणारे घराणे जुझेप्पे मास्कारेल्लो यांचे. बाग कास्तिल्योने फाल्लेत्तो गावाच्या हद्दीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे. उतार नैर्ऋत्येकडे, माती चुनखडीची, पांढुरकी, आणि क्षेत्र जेमतेम ६ हेक्टर, म्हणजे साधारण १५ एकर.

गावाच्या १६६६ च्या जमीननोंदीत हे नाव आढळते. मास्कारेल्लो कुटुंबाने येथील शेत १९०४ मध्ये घेतले. १९१९ मध्ये त्यांनी जवळच्या मोंकिएरो गावात अठराव्या शतकातली एक इमारत विकत घेतली. पूर्वी तेथे नैसर्गिक बर्फ साठवत. पुढे तीच वाइनचे तळघर झाली. बर्फ टिकवणारी वास्तू वाइनला मानवणारच.

बागेचे नाव जुने असले तरी बाटलीवर ते आले १९७० च्या पिकापासून. तोपर्यंत या टेकड्यांवर चार उतारांची द्राक्षे एकत्र करून बारोलो करण्याचीच रीत होती. एका उतारावर गारपीट झाली तर दुसरा सांभाळून घेई. एका बागेच्या द्राक्षांचा आंबटपणा दुसरीच्या भरीवपणाने झाकला जाई. एकाच बागेवर भिस्त ठेवायची म्हणजे हा आधार सोडायचा. १९६१ मध्ये व्हिएत्ती आणि प्रुनोत्तो या वाइन करणाऱ्या घराण्यांनी तसे करून पाहिले होते. त्याच वाटेने जाऊन माउरो मास्कारेल्लो यांनी मोनप्रिवातोची वाइन वेगळी काढली. हंगाम बिघडला की या नावाची बाटली निघतच नाही.

शेजारच्या बारोलो गावातले दुसरे मास्कारेल्लो, बार्तोलो (मृत्यू २००५), यांनी मात्र मिश्रणाची रीत शेवटपर्यंत सोडली नाही. कान्नुबी, सान लोरेन्झो, रुए आणि ला मोर्रा गावातली रोक्के या बागांची द्राक्षे ते एकत्रच आंबवत. आडनाव एक, द्राक्ष एक, मते उलट. नवख्या ग्राहकाचा गोंधळ इथेच होतो. वाइन लहान फ्रेंच पिंपांत मुरवण्याच्या नव्या लाटेला मात्र दोन्ही घरांनी दाद दिली नाही. वाइन मुरवायला दोघांकडेही जुन्या पद्धतीचे मोठे लाकडी पिंपच.

नेब्बिओलो हे हट्टी पीक आहे. ते लवकर फुटते आणि सर्वांत शेवटी पिकते. तोडणी बहुधा ऑक्टोबरात, टेकड्या धुक्यात बुडालेल्या असताना. 'नेब्बिया' म्हणजे धुके, त्यावरूनच जातीचे नाव पडले असे बहुतेक मानतात. थंडीत वेल झोपतो, म्हणून छाटणी वर्षातून एकदाच. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांची सवय. त्याला हे सुखाचे वाटेल. पण पिकण्याच्या वेळी ऊन कमी पडले तर वर्ष गेले, म्हणून येथे उतार कोणत्या दिशेला आहे यावर जमिनीचा भाव ठरतो. ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो त्याला स्थानिक बोलीत 'सोरी' म्हणतात.

मोनप्रिवातोत नेब्बिओलोचा 'मिकेत' हा उपप्रकार मुख्यत्वे आहे. त्याचे घड लहान आणि उत्पादन कमी. त्यातलेच निवडक वेल लावून केलेली 'का द मोरिस्सिओ' ही राखीव वाइन १९९३ पासून, ठरावीक वर्षीच निघते. बोलीत या नावाचा अर्थ 'मोरिस्सिओचे घर'.

कायद्याने बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. राखीव वाइनला ६२ महिने. बागांच्या नावांना अधिकृत मान्यता मिळाली ती २०१० मध्ये. त्या यादीतल्या १८१ नावांत मोनप्रिवातो आहे. बहुतेक नामांकित बागा अनेक मालकांत वाटलेल्या असतात. ही जवळजवळ संपूर्ण एकाच घराकडे आहे, हे विरळा.

लाल वाइन म्हणजे गडद, अशी समजूत असलेल्याला पहिला पेला फिका वाटतो. तो वर्तमानपत्रावर तिरपा धरला तर खालची अक्षरे वाचता येतात, आणि कडेला विटकरी छटा दिसते. वास वाळल्या गुलाबाचा, थोडा डांबराचा. घोट घेतल्यावर मात्र कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळतात. हा तुरटपणा निवायला दहा-पंधरा वर्षे लागतात. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, म्हणून ती आदल्या दिवशी उभी करून ठेवतात आणि शेवटचा बोटभर भाग ओतत नाहीत.