खाऱ्या हवेत मोडलेला बोल्ट

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातला जुना मेस्त्री गाडीचा सायलेन्सर मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांपासून, सोडवायला घेतो तेव्हा पाना लावण्याआधी बोल्टकडे नीट बघतो. कडेला लाल गंज आहे की पांढरी भुकटी, डोकं झिजलंय का, आट्यांचं टोक दिसतंय का. हे बघणं फार मोलाचं असतं. एक बोल्ट मोडला की तासाभराचं काम दिवसावर जातं. शिवाय बोल्ट कसा मोडला यावरच तो कसा निघेल ते ठरतं.

काही बोल्ट आवळताना मोडतात. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाच्या जोरावर दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पण पान्यातून दिलेल्या पिळापैकी सुमारे ९० टक्के पीळ डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे हाताचा अंदाज सहज चुकतो. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. १५ सेंमी लांब पाना धरला तर टोकाला सात किलोचा जोर झाला की बस. पान्यावर पाइप चढवला की मात्र हाताला काही कळायच्या आत बोल्ट तुटतो. ८ मिमीचा बोल्ट दिसायला थोडाच जाड, पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढत असल्यामुळे तो ६ मिमीच्या बोल्टपेक्षा जवळजवळ २.४ पट पीळ सोसतो.

आवळताना तुटलेल्या बोल्टचा आतला तुकडा बहुधा सैल असतो. डोकं उडालं त्या क्षणी ताण संपला, आट्यांवरचा दाबही गेला. बारीक छिन्नी कडेला टेकवून खोलायच्या दिशेने हलक्या हाताने ठोकत गेलं तरी असा तुकडा बरेचदा फिरू लागतो.

खरा त्रास खोलताना मोडलेल्या बोल्टचा. तो मोडला याचा अर्थ आटे इतके धरले होते की त्यांच्याआधी पोलादाने हार मानली. किनाऱ्यावर हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या खारात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळतं, मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ३३ टक्केही पुरतात. कोकणची हवा क्वचितच तेवढी कोरडी होते. म्हणजे पाऊस नसतानाही, अगदी भर मार्चमध्ये, उभ्या गाडीच्या बोल्टवर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो.

बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिन-ब्लॉकात पोलादी बोल्ट असेल तर लाल गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, पण आट्यांच्या फटीत त्याला फुगायला जागाच नसते, म्हणून तो पाचरीसारखा बसतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरच्या झाकणात, गोष्ट वेगळी. दोन धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च बसते. मच्छीमार बोटींच्या पोलादी तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते हाच हल्ला जस्तावर ओढून घ्यायला. गाडीच्या हेडला असा राखणदार नाही.

सोडवायला पहिला उपाय पातळ तेल आणि वेळ. तेल केशाकर्षणाने आत शिरतं, पण भुकटीने भरलेल्या फटीत ते फार सावकाश जातं. संध्याकाळी लावून सकाळी पुन्हा लावावं, मधेमधे बोल्टवर हलके ठोके द्यावेत. घाईत फवारून लगेच पाना लावण्याने काहीच साधत नाही.

दुसरा उपाय उष्णता, आणि तो मला सगळ्यात सुंदर वाटतो. एका अंशाला मीटरमागे ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतं, पोलाद सुमारे १२. बोल्टभोवतीचं हेड १५० अंशांनी तापवलं तर ८ मिमीच्या भोकात जेमतेम १३ मायक्रॉनची सूट मिळते. दिसायला काहीच नाही, पण पकड सुटायला पुष्कळदा तेवढं पुरतं. बीडात हा फरक जवळजवळ नसतो. तिथे बोल्टच तापवून थंड होऊ द्यायचा, म्हणजे त्या फुगण्या-आकसण्यात गंजाचा थर तडकतो. गॅसची ज्योत वापरताना इंधनाच्या नळ्या आणि तेलाचे डाग आधी दूर करायलाच हवेत. आणखी एक धोका असा की लोखंड तापलं की लाल होतं, ॲल्युमिनियम मात्र रंग न बदलता एकदम ढासळतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडची मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला.

मोडक्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणं ही तर कमाल युक्ती आहे. पकडायला नवं डोकं मिळतं आणि वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते. वितळलेलं पोलाद ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे तुकडा थोडा खोल असला तरी थेंब थेंब भरत वर येता येतं.

ड्रिल करायची वेळ आली तर सगळं मध्यबिंदूवर अवलंबून. तुटलेलं तोंड खडबडीत असतं, ड्रिल घसरून मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. आधी तोंड सपाट घासून, सेंटर पंच मारून, बारीक ड्रिलने सुरुवात करावी. उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने कधीकधी भोक पाडतानाच तुकडा बाहेर येतो. ८ मिमीच्या बोल्टमध्ये ६.५ मिमीचं भोक अगदी मधोमध पडलं तर उरते आट्यांची पातळ गुंडाळी, ती सुईने उपसता येते.

ईझी आउटबद्दल, म्हणजे तुकड्यातल्या भोकात ठोकून खोलायच्या दिशेने फिरवायच्या हत्याराबद्दल, मात्र मी सावध आहे. तो निमुळता असतो, आत ठोकला की तुकड्याला बाहेरच्या बाजूला फुगवतो आणि पकड आणखी घट्ट करतो. तो कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ. आत मोडला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. मग कार्बाइडचं कटर किंवा ठिणग्यांनी धातू कोरणारं यंत्र लागतं. हे तंत्र १९४३ मध्ये सोव्हिएत संघात बोरिस आणि नतालिया लाझारेंको या दांपत्याने शोधलं. ठिणग्यांमुळे विजेचे संपर्कबिंदू का झिजतात हे ते अभ्यासत होते, आणि त्या झिजेलाच त्यांनी कामाला लावलं. ठिणगीला धातू कितीही कडक असला तरी फरक पडत नाही, त्यातून वीज वाहिली की झालं. डाय (साचे) बनवणाऱ्या कारखान्यांत अशी यंत्रं असतात.

भोकातले आटे गेलेच तर ते मोठं करून तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवता येतात, आणि ते मूळच्या ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ ठरतात. नवा बोल्ट बसवताना आट्यांना जाम न होऊ देणारी धातूच्या भुकटीची पेस्ट लावावी. पेस्टमुळे घर्षण घटतं आणि तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क रेंचवरचा (पीळ मोजणाऱ्या पान्यावरचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर तो कमी करून घ्यावा लागतो.