प्रोस्टेटचा कर्करोग व त्याचे लवकर निदान

प्रोस्टेट ही पुरुषांमधील अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली ती मूत्रनलिकेला वेढून असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करते.

लघवीची धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावे लागले की माणूस कर्करोगाच्या धास्तीने डॉक्टरांकडे जातो. बहुतेकदा निघते ती वयोमानाने होणारी साधी वाढ. ही वाढ मूत्रनलिकेलगत होत असल्याने नळी दाबली जाते. कर्करोग मात्र बहुतांशी गुदाशयाकडच्या, बाहेरील भागात सुरू होतो आणि तिथे तो वर्षानुवर्षे मुकाट वाढू शकतो. काहींना तो कण्याच्या हाडात पोचून पाठ दुखू लागल्यावरच कळतो. म्हणून त्रास होईल तेव्हा बघू, हा विचार इथे घातक ठरतो.

पन्नाशीनंतर धोका वाढत जातो. वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेला असल्यास, अथवा बीआरसीए-२ जनुकात दोष असल्यास, चाचणीचा विषय चाळिशीतच डॉक्टरांकडे काढावा.

ही चाचणी म्हणजे रक्तातील पीएसए या प्रथिनाचे मोजमाप. अमेरिकेत १९८६ मध्ये तिला रुग्णांवरील देखरेखीसाठी आणि १९९४ मध्ये निदानास साहाय्य म्हणून मान्यता मिळाली. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा. पण ती ओलांडली म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. जंतुसंसर्ग, साधी वाढ, अगदी आदल्या दिवशीचे वीर्यस्खलनसुद्धा आकडा चढवते. उलट, टक्कल किंवा वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दीर्घकाळ घेतलेले फिनास्टेराइड तो जवळपास निम्म्यावर आणते आणि रोग झाकला जाऊ शकतो. हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवे.

संशय टिकला तर एमआरआय करतात आणि संशयास्पद जागेतून सुईने तुकडे काढून तपासतात. खात्री होते ती या बायॉप्सीनेच. पेशींची रचना किती बिघडली आहे हे ग्लीसन गुणांकावरून ठरते. ६ गुणांकाची, म्हणजे सर्वांत सौम्य गटातली, छोटी गाठ बहुधा इतकी संथ असते की शस्त्रक्रिया वा किरणोपचारांची घाई करण्यात हित नसते, कारण दोन्हींमुळे लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. अशा रुग्णांची ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायॉप्सी करतात. रोगाने जोर धरल्याचे दिसले, की उपचार सुरू होतात.